बेण्यापुरते खेळ

माझं लहानपण कऱ्हाटीला गेलं असं मी आजवर सगळ्यांना सांगत आले, पण ते खरं नाही. कऱ्हाटीला मी फक्त उंच झाले. शेण, पाणी, धाकटी भावंडं आणि मग लग्न, यात लहान व्हायला सवड कुणाला होती? लहानपण मला आलं ते साठी उलटल्यावर, सणसरला, आमच्या मधल्या खोलीत, नातीच्या जुन्या लॅपटॉपपुढं. दुपार कलली की कुणीतरी खेळायला येणार म्हणून पोटात गुदगुल्या व्हायच्या. हरले की रडू यायचं, जिंकले की एक भाकरी जास्त जायची. त्या वयात पोरींना अक्कल नसते आणि तोरा असतो, तसा तोराही होता. आता सत्तरी गाठल्यावर त्या साठीतल्या पोरीकडं बघते तेव्हा तिच्या पाठीत एक धपाटा घालावासा वाटतो. पण पाठ माझीच, आणि ती आधीच दुखते, म्हणून नुसतं लिहून सोडून देते.

आमच्या घराच्या मधोमध एक भिंत आहे. वाटणी झाली तेव्हा घातलेली. अलीकडं मी आणि आमचे हे, पलीकडं आक्का, म्हणजे माझी थोरली जाऊ. वाटणी पुरुषांनी केली, आम्ही दोघींनी आतून चहा पाठवला. तो चहा आम्ही एकाच पातेल्यात केला होता. दुसऱ्या दिवशी चूल वेगळी झाली आणि बोलणं थांबलं. भांडण झालंच नाही. एखादा शब्द तोंडातून गेला असता तर तो धरून तरी बसता आलं असतं. तसंही काही नाही. ती बोलेल म्हणून मी थांबले आणि मी बोलेन म्हणून ती थांबली, आणि असं थांबता थांबता आमच्या पोरांची लग्नं झाली. भिंत पत्र्यापर्यंत पोचलेली नाही, वर हातभर मोकळी आहे, त्यामुळं आवाज आणि वास यांची वाटणी कधी झालीच नाही. तिकडं मिरचीचा खाट उठला की इकडं मला ठसका. तिच्या खोकल्यावरून मला थंडी कळायची. थोरले भावजी वारले तेव्हा मी तिच्या घरात दिवस घालेपर्यंत राबले, पण तेव्हाही तोंडातून गेलं ते 'पाणी तापलंय' आणि 'पाहुणे आलेत' एवढंच. पाहुणे गेले तसे आम्ही पुन्हा आपापल्या बाजूला.

मग एका दिवाळीला आमची तनू आली. तनू म्हणजे माझ्या लेकीची, नंदाची, मुलगी. नंदा बारामतीला असते, शाळेत शिकवते, आणि तनू तेव्हा पुण्याला इंजिनीरिंगला होती. तिनं नवा लॅपटॉप घेतला होता आणि जुना, ज्याचं झाकण एका बाजूनं निखळलेलं आणि पडदा मधूनच थरथरणारा, तो माझ्यासाठी आणला होता. "आज्जी, यात खेळ हायेत माझे सगळे. तू खेळ, टाइमपास होईल." माझ्याशी बोलताना ती गावचंच बोलते, पुण्याचं पुण्यात ठेवून येते. त्या खेळांत एक होता स्वैपाकघराचा. दोघांनी मिळून खेळायचा. पडद्यावर एक स्वैपाकघर, गिऱ्हाइकं येतात, कुणाला सूप, कुणाला भजी, कुणाला आणखी काय. एकानं चिरायचं, एकानं शिजवायचं, ताटं धुवायची, वेळेत वाढायचं. वेळ गेली तर गिऱ्हाईक पाय आपटत निघून जातं आणि चुलीवरचं विसरलं तर स्वैपाकघर पेटतं. मी तिसऱ्यांदा पेटवल्यावर तनू वैतागली. भिंतीकडं तोंड करून ओरडली, "मोठ्या आज्जी, या की हिकडं! हिला जमत न्हाय!"

आणि आक्का आली. लेकराची हाक भिंतीच्या हिशोबात धरत नाहीत. आली, माझ्याकडं न बघता तनूशेजारी बसली, आणि पहिल्या डावात तिनं एकही पदार्थ करपू दिला नाही. मला काय वाटलं ते सांगते. वीस माणसांचा स्वैपाक ती एकटी करायची तेव्हा मला जे वाटायचं, तेच वाटलं. जळफळाट.

तनू गेली. दुसऱ्या दिवशी दुपारी मी कलंडले होते, तर दारात आक्का. पदर सारखा करत, भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघत म्हणाली, "ते हाय का अजून?"

"हाय की," मी म्हणाले.

वाटणीनंतर आम्ही कामाविना बोललेली पहिली वाक्यं ही. एका कीबोर्डवर दोघी बसायचो, डावीकडची बटणं तिची, उजवीकडचे बाण माझे, खांद्याला खांदा. सुरुवातीला बोलणं खेळापुरतंच. "कांदा." "धर." "ताट गं, ताट!" "तुमी धुवा की." "पेटलं, पेटलं, इमल, इझव!" माझं नाव विमल, पण आक्काच्या तोंडी ते इमलच आहे, आणि ते मी इतक्या वर्षांनी ऐकलं की हातातलं टमाटं, म्हणजे पडद्यावरचं, खाली पडलं. ते गिऱ्हाईक गेलंच. मग कधीतरी दोन डावांच्या मध्ये चहा होऊ लागला. गुळाचा, आलं ठेचून. मग चहाबरोबर एखादी बातमी, मग एखाद्याची उखाळीपाखाळी. मग एक दिवस तिनं हुलग्याचे शेंगोळे केले आणि वाटी घेऊन आली. "जास्त झाल्यात," म्हणाली. एकटीच्या घरात शेंगोळे जास्त होत नसतात, करावे लागतात. मी नुसती वाटी घेतली. इतकी अक्कल त्या साठीतल्या पोरीला होती.

तनूच्या त्या लॅपटॉपात ढीगभर खेळ होते. गाड्यांचे, बंदुकांचे, पाण्याचे नळ जोडायचे, रंगीत खडे फोडायचे, एका कोल्हिणीनं पिल्लू शोधत हिंडायचं. आम्ही सगळे चाखले. पण शेवटी बसायचो त्या स्वैपाकघरातच. आमचे हे अंगणात पेपर वाचत बसायचे आणि आतून आरडाओरडा ऐकला की म्हणायचे, "खरी चूल येक ठेवली आसती तर लाइट बिल तरी वाचलं आसतं." आम्ही दोघी त्यांच्याकडं दुर्लक्ष करायचो. ह्या एका गोष्टीत आम्ही आधीपासून एक होतो.

मग तनूचा फोन आला. तिनं जिथून हे खेळ घेतले होते ते इंटरनेटवरचं दुकान बंद होणार होतं. विकत घेतलेले खेळ लोकांनी मुदतीच्या आत उतरवून घ्यावेत, नंतर कुणी मागितले तरी मिळायचे नाहीत. लॅपटॉपात आहेत ते चालतील, पण लॅपटॉपाचा काय भरवसा. तो गेला की त्याच्याबरोबर सगळं गेलं. म्हणून सगळे खेळ दुकानातून नव्यानं उतरवून एका वेगळ्या डिस्कवर भरून ठेवायचे, म्हणजे उद्या कुठल्याही यंत्रावर घालता येतील. तिची परीक्षा तोंडावर होती, होस्टेलच्या इंटरनेटवर खेळांची दुकानं उघडत नव्हती. "राहू दे आज्जी, गेले तर गेले. मला आता वेळ कुठं हाय खेळायला?" ती म्हणाली.

तिचं काय जात होतं? तिला माणसं होती. मी फोन हातात धरून भिंतीकडं बघत उभी राहिले. पलीकडं आक्का भांडी घासत होती. आमचं बोलणं त्या एका खेळाच्या काठीला धरून उभं होतं, हे मला पक्कं ठाऊक होतं. खेळ गेला तर ती दुपारची काय म्हणून येणार? 'सहज आले' असं म्हणायची आमच्यात सवय नव्हती. एक दिवस येणार नाही, दोन दिवस येणार नाही, मग मी थांबेन, ती थांबेल, आणि यावेळी थांबायला आमच्याकडं वर्षं तरी कुठं उरली होती?

"तू पेपर दे निवांत," मी तनूला म्हणाले. "मी उतरवते सगळं. एवढा संसार केला, चार खेळ मला जड हायेत व्हय?" ही ती पोरगी. हिला धपाटा घालायचा आहे मला.

सणसरला तेव्हा मोबाइलचं नेट मुंगीच्या पावलानं यायचं. नंदाच्या फ्लॅटमध्ये वायफाय होतं, म्हणून बारामतीला जायचं ठरवलं. आक्काला सांगितलं तर ती म्हणाली, "मी बी येते. येकटी गेलीस तर निम्मं इसरून येशील." भावजी गेल्यापासून ती कुठं मुक्कामाला गेली नव्हती. लॅपटॉप गोधडीत गुंडाळून एसटीत मांडीवर घेऊन बसली. कंडक्टरनं विचारलं, "म्हातारे, काय हाय गुंडाळलेलं?" तर म्हणाली, "नातवंड हाय. हाफ तिकीट लागतंय व्हय?" अख्खी गाडी हसली. मीही हसले आणि खिडकीबाहेर बघत राहिले, कारण ती अशी बोलायची हे मी विसरूनच गेले होते.

नंदाच्या घरी आम्ही बसलो ते एखाद्या आजाऱ्याच्या उशाशी बसावं तसं. जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप, त्यातून घरघर, आणि पडद्यावर एक निळी पट्टी. ती सरकते. सरकते म्हणजे सरकत नाही. आपण उठून पाणी पिऊन आलो की तेवढी सरकलेली असते. मी आयुष्यात पुष्कळ वाट बघितली आहे. उसाला तोड यायची वाट, पाण्याच्या पाळीची वाट, बाळंतपणं. पण त्या वाट बघण्यात हातांना काम असतं. इथं नुसतं बसायचं. खालून भाजीवाल्याची आरोळी, शेजाऱ्यांचा मिक्सर, कुणाच्या तरी कुकरच्या शिट्ट्या. तिसऱ्या मजल्यावर सगळे आवाज वर येतात आणि माणूस एकही येत नाही. डोळे जड व्हायचे, मान पडायची, कंबर धरायची. मध्येच पट्टी थांबायची. मग नंदा शाळेतून आली की तो वायफायचा डबा बंद करून चालू करायची, पट्टी पुन्हा हलायची. "आई, दमलीस तू. कशासाठी चाललंय हे?" ती विचारायची. कशासाठी ते तिला कसं सांगणार? आक्का समोरच बसलेली. मी म्हणाले, "तनूसाठी."

एकेका खेळाचे तुकडे होते. एक, दोन, तीन, काहींचे तर दहाच्या वर. फोनवर तनूनं दोन-दोनदा सांगितलं होतं, सगळे तुकडे उतरव आणि डिस्कवर टाक. इंग्रजी माझं यथातथाच, पण आकडे येतात. डिस्क जावईबापूंची होती आणि तिच्यात त्यांच्या भावाच्या लग्नाचं शूटिंग भरलेलं होतं. "काहीही करा, पण लग्न पुसू नका," नंदानं बजावलं होतं. पहिले दोन खेळ अख्खे बसले, एक बंदुकीचा आणि एक चेंडूचा. जे खेळ आम्ही एकदाच चाखून सोडले होते ते आधी, कारण यादीत ते वर होते. आणि असं ओळीनं करणारी मीच. तिसऱ्याच्या अर्ध्यात डिस्कनं हात वर केले. जागा संपली. लॅपटॉपातही संपत आली होती. दुकान दुसऱ्या दिवशी बंद होणार होतं, तनूचा फोन पेपरमुळं बंद, नंदा आणि जावईबापू कामावर.

इथून पुढं कोण काय म्हणालं यावर आजतागायत एकमत नाही, म्हणून मी माझ्या आठवणीप्रमाणं लिहिते आणि माझी आठवण चांगली आहे. आक्का बराच वेळ त्या तुकड्यांच्या यादीकडं बघत होती. मग म्हणाली, "हे उसावानी हाय गं."

"कसं?"

"आख्खा ऊस कोन ठेवतं का लागणीला? दोन डोळ्यांचं टिपरं तोडायचं, मातीत दाबायचं, त्याचं बेट हुतंय. बेण्यापुरतं ठेवायचं. बाकीचा कारखान्याला."

ती माळेगाव बुद्रुकची. तिच्या माहेरी उसाशिवाय दुसरं बोलणं नव्हतं. आणि मी कऱ्हाटीची, जिराईत भागातली. आमच्याकडं ज्वारी, बाजरी आणि आभाळाकडं बघणं. लग्न होऊन आले तेव्हा बेणं दाबताना डोळा, म्हणजे कोंब फुटायची जागा, खाली करून दाबलं म्हणून आख्ख्या घरानं मला हसून घेतलं होतं. त्यामुळं उसाच्या बाबतीत ती म्हणेल ते मी ऐकते. एका खेळाचा एक तुकडा ठेवला तर सगळे खेळ मावत होते. मला ते इतकं पटलं की मी टाळी वाजवली. टाळी वाजवणाऱ्या त्या बाईचा मला आता राग येतो.

वाद झाला तो वेगळ्याच गोष्टीवर. कुठला तुकडा ठेवायचा? मी म्हणाले, पहिला. एक म्हटलं की सुरुवात झाली. आक्का म्हणाली, "खुळी हायस. बुडख्याचं बेणं उशिरा उगवतं. शेंड्याकडचं कवळं आसतं, त्याला जोम. शेवटचा तुकडा ठेव." यावर आमची चांगली जुंपली. शेवटी बटणं माझ्या हातात होती, म्हणून पहिला तुकडा ठेवला. एकेका खेळाचा एक, असं नीट लावून. उरलेले तुकडे काढून टाकले. आणि लॅपटॉपाची घरघर फारच वाढली, म्हणून त्याला हलकं करायचं ठरवलं. त्यात बसवलेले, चालते खेळसुद्धा, ते स्वैपाकघरसुद्धा, पुसले. बेणं काढून घेतल्यावर उभा ऊस कोण रानात ठेवतं?

संध्याकाळी नंदाला म्हणालो, झालं काम. तिनं आमच्यासाठी बाहेरून आइस्क्रीम मागवलं. आक्कानं दात ठणकतो म्हणत दोन वाट्या खाल्ल्या. इतकं दमून, इतकं समाधानानं मी त्याआधी झोपले नव्हते, आणि त्यानंतरही नाही.

सणसरला परत आल्यावर दोन दिवस अंग मोडून आलं होतं. तिसऱ्या दिवशी दुपारी आक्का वेळेवर हजर. जावईबापूंकडून मागून आणलेली डिस्क जोडली, स्वैपाकघराच्या तुकड्यावर दोनदा टिचकी मारली. पट्टी आली, जरा सरकली आणि थांबली. मग एक चौकट आली. मी अक्षरं लावत लावत वाचली. यंत्र दोन नंबरचा तुकडा मागत होतं.

"पानी पाहिजे आसंल त्याला," आक्का म्हणाली, पण तिचा आवाज उतरला होता.

तनूला फोन लावला. तिचे पेपर संपले होते. मी सगळं सांगितलं, बेणं, टिपरं, सगळं. ती आधी इतकी हसली की मलाही हसू फुटायला लागलं. मग तिनं हसू आवरलं. "आज्जी," ती म्हणाली, "बसवलेले पण पुसलेस?"

"व्हय."

"दुकान परवाच बंद झालं गं."

फोन स्पीकरवर होता. आक्कानं ऐकलं. ती हाताला धरायला काही शोधत उठली, गुडघ्यावर हात ठेवून, आणि चप्पल घालून पलीकडं गेली. दार लोटल्याचा आवाज आला. मला वाटलं, झालं, सुरू झालं.

दुसऱ्या दिवशी ती आली नाही. तिसऱ्या दिवशी नाही. दुपारी मी चहाला दोघींचं आधण ठेवायची आणि मग एकटीनं दोन कप प्यायची. पलीकडून नळाचा आवाज, खोकला, खाट ओढल्याचा आवाज. लॅपटॉप उघडून बघितला तर त्यात बंदुकीचा एक खेळ तेवढा पुसायचा राहून गेला होता, तो धडधडत होता. मी एका उभ्या माणसाला गोळी घातली आणि बंद केलं. आमचे हे म्हणाले, "जाऊन बोल की." पुरुषांना बोलणं म्हणजे जाऊन करायची गोष्ट वाटते. मी जाऊन काय म्हणणार होते? माझ्याकडं घेऊन जायला शेंगोळे होते, पण 'जास्त झाल्यात' हे वाक्य तिचं होतं, ते मला चोरता येत नव्हतं. अंग इतकं शिणलं होतं की वाटायचं, राहू दे. इतकी वर्षं भिंत होतीच. असू दे.

मग एके सकाळी रानातल्या वस्तीवर राहणारा तिचा लेक दूध घेऊन आला होता. भिंतीवरून त्याचं बोलणं ऐकू आलं. त्यानं विचारलं, आये, हल्ली खेळायला जात न्हायस? आणि आक्का सहज म्हणाली, "आरं, हिच्या डोक्यातनं आलं ते बेन्याचं. समदे खेळ घालवलं हिनं."

मी पोळ्या लाटत होते. लाटणं हातात तसंच. भिंतीजवळ गेले आणि आयुष्यात पहिल्यांदा भिंतीवरून ओरडले, "माझ्या डोक्यातनं? आक्का, मी कऱ्हाटीची! मला बेन्यातलं काय कळतंय? ऊस तुमच्या माहेरात, माझ्या न्हाय!"

पलीकडं तवा खाली ठेवल्याचा आवाज. आणि मग आक्का दारात. हातात पीठ, कपाळावर पीठ.

"बटनं कुनी दाबली?"

"तुमी सांगितली म्हनून दाबली."

"मी शेंड्याचं सांगितलं हुतं! शेंडा ठेवला आसता तर उगवलं आसतं. तू बुडखा धरून बसलीस. जिराईत डोकं!"

"शेंडा ठेवला असता तरी यंत्रानं पयला मागितला असता!"

"तू यंत्राला इचारलंस व्हय?"

हे मला आजही खोडून काढता आलेलं नाही. आम्ही त्या दिवशी दुपारपर्यंत भांडलो. पोळ्या करपल्या. त्यात मध्येच कुठून तरी वाटणीच्या वेळचं तांब्याचं घंगाळ आलं, माझ्या डोहाळजेवणाला तिनं न घातलेली वेणी आली, तिच्या लेकाच्या लग्नात मी मागं मागं उभी राहिले ते आलं. इतक्या वर्षांत एकही शब्द न बोलता आम्ही दोघींनी केवढं साठवून ठेवलं होतं आणि त्यातलं काही म्हणता काही हरवलं नव्हतं. ओरडून ओरडून घसा बसला तेव्हा आमचे हे चहा करून घेऊन आले, त्यांच्या हातचा, म्हणजे नुसतं गोड पाणी. दोघींनी एकदमच तोंड वाकडं केलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती आली. खेळ नव्हता. पण शेंड्याचा मुद्दा राहिला होता.

तेव्हापासून ती येतेच. तनूनं मला कितीदा समजावलं आहे की तुकडा शेवटचा ठेवला असता तरी काही उपयोग झाला नसता. मी ते आक्काला सांगितलंही आहे. ती म्हणते, तनू लहान हाय. त्या लॅपटॉपाचा पडदा पुढं कायमचा गेला. आक्काची नजरही आता जवळजवळ गेली आहे, भिंतीला हात लावत लावत येते, उंबऱ्याशी थांबून विचारते, "इमल, हायस का?" माझे गुडघे तिच्या आधी गेले. दोघींना पडद्यावरचा कांदा आता दिसणारही नाही आणि धरवणारही नाही.

गेल्या महिन्यात तनूचा फोन आला. ती आता लांबच्या शहरात नोकरीला आहे. कुणा हौशी माणसानं त्या बंद पडलेल्या दुकानातले खेळ जपून ठेवले होते म्हणे, सगळे तुकडे, पहिल्यापासून शेवटपर्यंत. "आज्जी, तुमचं स्वैपाकघर सापडलं. डिस्कवर घालून पाठवू का? म्हंजी तुमचं भांडण एकदाचं मिटेल." लेकराला वाटलं आनंदाची बातमी देतेय. मी म्हणाले, मोठ्या आज्जीला विचारून सांगते.

दुपारी आक्का आली. शेंगा फोडायला घेऊन बसली. मी तिला सांगितलं. ती बराच वेळ फोडत राहिली, दाणे परडीत, टरफलं खाली, न बघताच अचूक.

"समदं परत आलं तर तू सुटशील की गं," शेवटी म्हणाली.

"मी कशाला सुटू? सुटाल तुमी."

"मी?" तिनं परडी मांडीवरून उतरवून बाजूला ठेवली, हात झटकले आणि माझा आवाज जिकडून आला तिकडं तोंड फिरवलं. "बस खाली. पयल्यापासनं सांगते."